गच्चीवरच्या बार्बेक्यूसाठी धुरकट घेवडा: दाणा कडक का राहतो, धूर कडू का होतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सांगलीत घराच्या गच्चीवर बारा माणसांचा बार्बेक्यूचा बेत आहे. चिकन आणि पनीर शेगडीवर होणार, आणि सोबत अमेरिकेत देतात तसा धुराच्या वासाचा, आंबट-गोड दाट रसातला घेवडा, म्हणजे राजम्याच्या जातीचा वाळका दाणा, करायचाय. सासऱ्यांना मधुमेह आहे म्हणून बाटलीतला सॉस नको. एकदा करून पाहिलात तेव्हा राजमा रात्रभर भिजवला, अर्धवट उकडला, मग टोमॅटो, चिंच, गूळ, मसाले सगळं घालून दोन तास मंद आचेवर ठेवला. दाणा शेवटपर्यंत कडक राहिला, रस बुडाला लागला आणि कोळशाची धुरी दिल्यावर कडू झालं. शिवाय विचारलंय की डबाबंद राजमा आणला तर चालेल का.

सातारा-कोरेगाव भागात लग्नं, हुरडा पार्ट्या आणि शेतावरच्या जेवणावळींचा स्वयंपाक हे माझं काम. हल्ली पोरं पुण्या-मुंबईहून येतात आणि शेगडीवरच्या जेवणाबरोबर हा पदार्थ हटकून मागतात, त्यामुळे तो बऱ्यापैकी हाताखालून गेलाय. तुमच्या मसाल्यात काहीच खोट नाही. बिघडला तो क्रम. घेवडा पूर्ण शिजल्याशिवाय त्याला आंबट आणि गोड लागू द्यायचं नाही, आणि धूर सगळ्यात शेवटी, मोजून द्यायचा. एवढं सांभाळलंत तर बाकीचं प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी पदार्थ बिघडत नाही.

कारण सांगतो. दाण्याच्या आतल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्यानं चिकटलेल्या असतात. दाणा मऊ होतो म्हणजे हे पेक्टिन गरम पाण्यात सुटतं. पाणी आंबट असलं की ते सुटायला तयार होत नाही, आणि पाण्यात कॅल्शियम असलं की उलट जास्तच घट्ट धरून बसतं. गुळात आणि काकवीत कॅल्शियम असतं. म्हणजे तुम्ही चिंच-टोमॅटोनं एका बाजूनं आणि गुळानं दुसऱ्या बाजूनं दाण्याला कुलूप लावलंत. मग दोन काय, चार तास उकळला तरी तो उघडणार नव्हता. गंमत अशी की हाच गुण पुढं आपल्या कामाला येतो. अमेरिकेत बॉस्टनच्या बाजूला पोटाशी फुगीर, तोंडाशी अरुंद अशा मातीच्या भांड्यात पांढरा बारीक घेवडा मळीच्या, म्हणजे साखर करताना उरणाऱ्या काळ्या दाट रसाच्या, पाकात तासन् तास भट्टीत ठेवायची जुनी पद्धत आहे. इतका वेळ राहूनही दाणा अख्खाच दिसतो, कारण तो आधी उकळून घेतलेला असतो आणि पाक त्याला मोडू देत नाही. तेव्हा आधी शिजवा, मग रसात घाला. नंतर शेगडीच्या कडेला तास-दीड तास राहिला तरी लगदा होत नाही. गच्चीवरच्या जेवणात, जिथं कुणीच वेळेवर जेवायला बसत नाही, तिथं याचा केवढा फायदा आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अर्धकच्च्या राजम्याबद्दल मात्र एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती नुसत्या चवीची नाही. राजम्याच्या जातीच्या सगळ्या दाण्यांत, विशेषतः लाल दाण्यात, फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. खळखळ उकळलं की ते निकामी होतं. पण ८० अंशांच्या आसपास नुसतं गरम धुमसत राहिलं तर निकामी होत नाहीच, उलट त्रास कच्च्या दाण्यापेक्षा वाढू शकतो. म्हणून अर्धवट उकडलेला घेवडा रसात घालून निखाऱ्याच्या कडेला ‘होईल हळूहळू’ म्हणून ठेवायचा नाही. स्लो कुकर आणि सौर कुकरलाही हेच लागू. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात उघड्यावर किमान दहा मिनिटं चांगलं खळखळू द्यायचं आणि मग कुकरचं झाकण लावायचं. कुकरात तापमान १०० च्या वर जातं, त्यामुळे नंतर काळजी नाही.

आता दाणा कुठला घ्यायचा. मला विचाराल तर वाघ्या घेवडा, आणि हे मी कोरेगावचा म्हणून बोलत नाही, अगदीच नाही असंही नाही. फिकट गुलाबीसर दाण्यावर तांबड्या रेघा असतात म्हणून तो वाघ्या. कोरेगाव तालुक्यात तो पावसाळ्यात पेरतात, अडीच महिन्यांत हाताशी येतो. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. शिजल्यावर रेघा जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. साल पातळ, आतला गर लोण्यासारखा आणि चवीला अंगचाच किंचित गोडवा, त्यामुळे रसात गूळ कमी लागतो. सप्टेंबरनंतर नवा माल येतो तेव्हा सांगलीतल्या किराणा दुकानात सांगून ठेवलंत तर मिळतो. नाहीच मिळाला तर चित्रा राजमा घ्या. गडद लाल राजम्याची साल जाड, रस आत शिरायला वेळ घेतो. मसूर नको. कराड-इस्लामपूरच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर मलाही जीव की प्राण आहे, पण तो भाकरीबरोबर ओरपायचा. शेगडीच्या कडेला तासभर ठेवला तर त्याचं वरण होतं.

बारा माणसांना तोंडीलावणं म्हणून अर्धा किलो कोरडा घेवडा पुरतो. शिजून सव्वा किलोच्या आसपास होतो, म्हणजे माणशी एक मोठी वाटी.

भिजवताना दोन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घाला. हो, मिठानं दाणा कडक होतो असं आपल्याकडे सगळ्याच आज्या सांगतात, पण भिजवायच्या पाण्यात त्याचं काम उलटं होतं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ पडते आणि दाणा फाटत नाही. हे पाणी नंतर ओतूनच द्यायचंय, त्यामुळे पोटात फार मीठ जात नाही. आठ-दहा तास बास. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवलात तर सकाळी फेस आणि आंबूस वास येईल. त्या दिवसांत भांडं फ्रिजमध्ये ठेवा. पाणी बोअरचं असेल तर तेच तुमच्या कडक दाण्याचं दुसरं कारण असू शकतं. तासगाव, जत, कवठे महांकाळच्या बाजूला बोअरच्या पाण्याला जो चुना असतो तो केटलीत पांढरा थर धरतो, तोच दाण्यालाही धरतो. तेवढ्यापुरतं फिल्टरचं पाणी वापरा, किंवा उकळून गार करून वरचं नितळ पाणी घ्या.

दाणा जुना असेल तर मात्र फार इलाज नाही. दोन-तीन उन्हाळे दमट कोठीत काढलेला घेवडा कितीही भिजवा, मधे गोटी राहतेच. चिमूटभर खायचा सोडा घातला तर मऊ होतो, पण चिमूट म्हणजे खरंच चिमूट. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्वही जातं. त्यापेक्षा या वर्षीचा माल आणा. उंचीचं विचाराल तर दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं. १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात उघड्या पातेल्यातला राजमा म्हणूनच रडवतो. सांगलीत तो प्रश्न नाही, आणि कुकर असला की तिथंही नाही.

दहा मिनिटं खळखळून, वरचा फेस काढून कुकर लावा. पाणी दाण्याच्या वर दोन बोटं. शिट्ट्या मोजू नका, प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ बघा: वाघ्याला सात-आठ मिनिटं, चित्राला बारा-पंधरा. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर आतला दाणा फुटतो. उघडल्यावर वेगवेगळ्या ठिकाणचे पाच दाणे काढून बोटांत दाबा. पाचही सहज चेपले पाहिजेत. चार चेपले आणि एकाला मधे कण लागला तर परत तीन-चार मिनिटं लावा. इथं घाई केली तर पुढं दुरुस्तीची सोय नाही, रसात गेल्यावर तो दाणा आहे तसाच राहणार. शिजल्यावर दाणे त्याच पाण्यात अर्धा तास निवू द्या, मग गाळा. गाळलेलं पाणी टाकू नका, त्यातच रसाचा दाटपणा आहे.

रसाकडे येऊ. अमेरिकेतल्या कान्सास सिटीच्या बाजूला हे पातेलं धुराच्या भट्टीत मांसाच्या खालीच ठेवतात, वरून चरबी ठिबकते, शिवाय मांसाचे करपलेले काठ तुकडे करून घालतात. म्हणजे मांसामुळे त्यात चार गोष्टी येतात: मीठ, स्निग्धपणा, धूर आणि ती जिभेवर रेंगाळणारी भरीव चव. शाकाहारी करताना लोक मांस वगळतात आणि त्याच्या जागी काहीच घालत नाहीत, म्हणून पदार्थ टोमॅटो सूपमध्ये पडलेल्या राजम्यासारखा लागतो. आपल्याकडे हे चारही भरून काढायला बाजारात लांब जावं लागत नाही. स्निग्धपणाला शेंगदाण्याचं तेल. भरीव चवीला आचेवर भाजलेला कांदा-लसूण आणि पिकलेला टोमॅटो. मटणाच्या वाटणाला कांदा-खोबरं जाळावर काळं करून घेणारी आपली माणसं; धुराची चव आपल्याला नवी थोडीच आहे.

दोन मध्यम कांदे सालीसकट आणि लसणाचा एक अख्खा गड्डा थेट निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर ठेवा. वरून काळे, आतून लिबलिबीत झाले पाहिजेत. अर्धा किलो लालबुंद टोमॅटो तसेच भाजा. काळी साल बरीचशी काढा, थोडी राहू द्या. सहा ब्याडगी मिरच्या कोरड्या तव्यावर हलक्या परतून गरम पाण्यात भिजवा. ब्याडगीनं रंग येतो, तिखटपणा बेताचा. मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम बेदाणे त्याच पाण्यात भिजवा. सांगली-तासगावात राहून बेदाणा विकत घ्यावा लागतो की कुणी पिशवी आणून देतं ते तुम्हाला ठाऊक, पण या रसात तो फार शोभतो: गोडी देतो, दाटपणा देतो आणि किंचित आंबटही असतो. हे सगळं एकत्र गुळगुळीत वाटून घ्या.

पसरट, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तीन मोठे चमचे शेंगदाणा तेल तापवा. त्यात दोन मसाला वेलदोडे (मोठी काळी वेलची) ठेचून, दगडफुलाची एक लहान पाकळी, मग एक बारीक चिरलेला कांदा. कांदा तांबूस झाला की एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा मिरपूड, एक चमचा मोहरीची पूड आणि दीड चमचा कांदा-लसूण मसाला. मोहरी विसरू नका. बार्बेक्यू सॉसला जो नाकात जाणारा बारीक झणका असतो तो तिचाच. आता वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. इथं घाई नको, पंधरा-वीस मिनिटं जातात. कच्चा टोमॅटो राहिला तर पुढं कितीही उकळा, तो कच्चेपणा लपत नाही. मग २० ग्रॅम चिंचेचा कोळ, दोन मोठे चमचे काकवी, दीड चमचा मीठ आणि घेवड्याचं गाळलेलं पाणी दोन वाट्या.

काकवी गुऱ्हाळावरची घ्या. अमेरिकेतल्या कृतीत मळी लिहिलेली असते ती खाण्याच्या दर्जाची. आपल्या साखर कारखान्यांतली मळी आसवनीला नाहीतर जनावरांच्या खाद्याला जाते, ती स्वयंपाकघरात आणायची नाही. काकवी त्या मानानं सौम्य असते, कडवट किनार कमी, पण कराड-पाटणकडच्या गुऱ्हाळावरची ताजी काकवी असली तर मी तिच्यापुढं मळीचं नाव काढणार नाही. नसेल तर २५ ग्रॅम काळा गूळ. आणि कृतीत वूस्टरशायर सॉस असेल तर पाहुण्यांत कुणी कडक शाकाहारी आहे का ते आधी विचारा: मूळ सॉसमध्ये मासळी असते. तिच्याशिवाय त्यात चिंचही असते, आणि ती आपण घातलीच आहे.

तुमचा रस बुडाला का लागला हे आता लक्षात आलं असेल. कडक दाणा मऊ होईल या आशेनं गोड, दाट रस दोन तास आचेवर राहिला. साखर आणि टोमॅटो असलेला दाट रस अर्ध्या तासापलीकडे सतत ढवळल्याशिवाय राहतच नाही. शिजलेला घेवडा घातल्यावर फक्त वीस-पंचवीस मिनिटं बारीक आचेवर रटरटू द्यायचा, काकवी शेवटच्या दहा मिनिटांत घातली तर आणखी बरं. लोखंडी कढई इथं नको, चिंचेनं रस काळा पडतो आणि लोखंडाची चव उतरते. रस जरा पातळच ठेवा. निवताना दाण्यातला स्टार्च तो घट्ट करतो, आणि अजून शेगडीवर आटणार आहे.

धुराबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, त्यामुळे इथं थोडा वेळ घेतो.

आपण धुंगार देतो तो म्हणजे पातेल्यात वाटी, वाटीत लाल निखारा, त्यावर तूप, झाकण. छान लागतो, पण तो बार्बेक्यूचा वास नव्हे. लाकडाच्या धुराला जो गोडसर, थोडा औषधी वास असतो तो लाकडातल्या लिग्निन नावाच्या द्रव्यापासून येतो. ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी त्यातली द्रव्यं. कोळसा तयार होतानाच ती बहुतेक उडून गेलेली असतात. निखाऱ्यावर तूप सोडलं की आपल्याला येतो तो तुपाच्या जळण्याचा वास. म्हणून तूप जास्त घातलं किंवा झाकण फार वेळ ठेवलं की तो खवट-कडू होतो. तुमचं नेमकं हेच झालं असणार. तुम्ही चमचाभर तूप आणि पंधरा मिनिटं लिहिलंय. लिंबाएवढा निखारा, वर राखेची पांढरी साय आलेला, अर्धा छोटा चमचा तूप, हवी तर एक लवंग, आणि झाकण फक्त तीन-चार मिनिटं. मग निखारा बाहेर काढा, एकदा तळापासून ढवळा आणि नुसतं झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू द्या. कोळसा पेटवायला रॉकेल वापरलं असेल तर ते पूर्ण जळून जाईपर्यंत थांबा. करवंटी असली तर तीच पेटवा, पटकन लाल होते आणि तिला रॉकेल लागत नाही.

पण तुमच्याकडे गच्चीवर शेगडी पेटणारच आहे, तर खरा लाकडाचा धूरच द्या. चिकन-पनीरचा पहिला घाणा निघून निखारे राखाडी झाले की एका कडेला सरकवा. त्यावर बोटाएवढ्या जाडीचे दोन-तीन वाळलेले आंब्याचे किंवा पेरूचे तुकडे ठेवा. बाभूळही चालते, तिचा धूर जरा उग्र. दाणे काढलेलं वाळकं मक्याचं कणीसही फार छान. पहिला धूर दाट, पांढरा निघतो. त्यात अर्धवट जळालेली राळ असते, तीच कडू. तो जाऊ द्या. धूर विरळ, निळसर झाला की पातेलं निखाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उघडं ठेवा आणि शेगडीचं झाकण लावा. झाकण नसेल तर मोठी परात उपडी घाला, एका बाजूला फट ठेवून. वीस-पंचवीस मिनिटं, मधे दोनदा ढवळायचं, कारण धूर फक्त वरच्या ओल्या थरालाच चिकटतो. म्हणूनच पसरट पातेलं सांगितलं. उभट भांड्यात तळाच्या घेवड्याला धुराचा पत्ताच लागत नाही.

लाकूड ओलं करून टाकायचं असं बरेच जण सांगतात. मी टाकत नाही. ओलं लाकूड आधी वाफ सोडतं, मग तोच दाट पांढरा धूर. उसाचं चिपाडही नको. तुमच्याकडे ढिगानं असेल, पण ते भसकन पेटतं आणि राख उडून पातेल्यात येते. प्लायवूड, रंगवलेली फळी, फळांच्या पेट्यांचं लाकूड अजिबात नको. गोवऱ्या हुरड्याच्या आगटीत शोभतात, तिथं कणीस गरम राखेत भाजतं. उघड्या पातेल्याखाली त्यांचा धूर मला रुचत नाही. पातेलं कच्च्या चिकनच्या खाली ठेवू नका, शाकाहारी पाहुण्यांसाठी तर नाहीच. आणि पाऊस आला म्हणून पेटलेली शेगडी उचलून खोलीत आणायची नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

एक व्यवहारी सवय सांगतो. धूर द्यायच्या आधी पाव भाग घेवडा वेगळा काढून ठेवा. धूर जास्त झाला तर तो काढायचा कुठलाही उपाय नाही, साखर घालून तर नाहीच. फक्त बिनधुराचा घेवडा मिसळून सौम्य करता येतो. बरोबर जमला तर वेगळा काढलेला भाग लहान मुलांना द्या, त्यांना धूर सहसा आवडत नाही.

गच्ची नसलेल्यांनीही हिरमुसून जाऊ नये. मसाला वेलदोडा सिक्कीम-नेपाळकडे लाकडाच्या भट्टीवर धुरातच वाळवतात. दोन वेलदोडे, भाजलेला कांदा आणि ब्याडगी एवढ्यावर गॅसच्या स्वयंपाकघरातही पातेल्याला धुरकट वास येतो. तुम्ही शेगडीवर करणार असलात तरी वेलदोडे वगळू नका, धुराला बूड येतं.

सासऱ्यांबद्दल. बाजारातल्या बऱ्याच बार्बेक्यू सॉसमध्ये १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या वर साखर असते, लेबल वाचून बघा. वरच्या प्रमाणात काकवी आणि बेदाणे मिळून माणशी पाचेक ग्रॅम साखर पडते. तरीही काकवी म्हणजे साखरच, गुळापेक्षा किंवा साखरेपेक्षा तिला वेगळी सवलत नाही. म्हणून काकवी शेवटच्या दहा मिनिटांतच घाला, आणि त्यांच्यापुरता घेवडा त्याआधी छोट्या पातेल्यात काढा. भाजलेल्या कांद्याची गोडी त्यांना पुरते. घेवड्यात तंतू भरपूर, माणशी सहा-सात ग्रॅम, आणि प्रथिनं नऊच्या आसपास. साखर हळूहळू चढते, पण चढते; त्या जेवणात भाकरी अर्धी कमी करायची. मूत्रपिंडाचा त्रास असून पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मैद्याच्या पावापेक्षा ज्वारीची भाकरी बरोबर ठेवा. ज्वारीत लायसिन हा प्रथिनातला घटक कमी, घेवड्यात भरपूर. मेथिओनिन हा दुसरा घटक घेवड्यात कमी, तो ज्वारीतून येतो. वरून लिंबू पिळलं की घेवड्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि धुराचा जडपणाही थोडा उतरतो. गॅस होतो म्हणणाऱ्यांसाठी: भिजवलेलं पाणी टाकलंत तर पोट फुगवणाऱ्या शर्करा बऱ्याच निघून जातात, सगळ्या नाही. ज्यांना सवय नाही त्यांनी पहिल्यांदा अर्धी वाटी खावी.

आदल्या दिवशी रात्री घेवडा शिजवून रसात घालून फ्रिजमध्ये ठेवलात तर दुसऱ्या दिवशी चव जास्त मिळून येते. मग संध्याकाळी नीट उकळून धूर तेवढा द्यायचा. उरलेला दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये टाका, तीन दिवस राहतो. दुसऱ्या दिवशी थोडा ठेचून भाकरीवर कांदा-कोथिंबीर घालून खा.

डबाबंद राजमा चालतो. तो पूर्ण शिजलेला असतो, त्यामुळे कडक राहायचा प्रश्नच नाही. चाळणीत घेऊन नळाखाली धुवा, बरंचसं मीठ जातं, आणि रसातलं मीठ अर्धं करा. डब्यातलं पाणी दाटपणासाठी वापरू नका, ते खारट असतं. त्याऐवजी एक वाटी राजमा ठेचून घाला. ‘बेक्ड बीन्स’ लिहिलेला डबा मात्र आणू नका, त्यात टोमॅटोचा गोड रस आधीच असतो. बारा माणसांना साधारण पाच डबे लागतील, आणि तेवढ्या पैशांत अर्धा नव्हे, दोन किलो वाघ्या घेवडा येईल.